कान थंड, घोडी आत

दौलतनानांना मी पाहिलं त्याच्या आधी त्यांनी मारलेली माणसं पाहिली. कोल्हारच्या दवाखान्यात मी कंपाउंडर म्हणून नुकताच रुजू झालो होतो. डॉक्टर आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी येत, बाकी सगळा दवाखाना माझ्याच गळ्यात. पहिल्याच आठवड्यात एक जण फुटलेली भुवई घेऊन आला. कसं झालं म्हणून विचारलं तर म्हणाला, "नानांच्या तबेल्यात पडलो." मग दुसरा आला, ओठ सुजलेला. तोही तबेल्यातच पडला होता. तिसऱ्याच्या पाठीवर चाबकाचा लांबलचक वळ होता आणि तोसुद्धा पडलोच म्हणायला लागला, तेव्हा मात्र मला राहवेना. "पडल्यावर असा वळ उठतो होय?" मी म्हटलं. टिंक्चर आयोडीन झोंबत होतं म्हणून तोंड वाकडं करत तो म्हणाला, "औषध लावा, कंपौंडर. तुमी गावात नवे हाये."

गाव नानांना इतकं का सोसत होतं हे कळायला फार दिवस लागले नाहीत. लढाईचा काळ होता. पेट्रोल मिळत नव्हतं. मनमाड रस्त्यावरच्या मोटारी कोळशावर चालत आणि चढ आला की बंद पडत. बेलापूरच्या स्टेशनावर जायचं, लोणीला जायचं, पोरीला बाळंतपणाला आणायचं, तर नानांचा टांगा. प्रवरेच्या काठाला, रस्त्याला लागूनच त्यांचा तबेला होता. सात-आठ घोडी, त्यांचे टांगे, घोडी सांभाळणारे दोन-तीन मोतद्दार आणि किसन नावाचा एकुलता एक मुलगा. किसन पंचविशी ओलांडलेला, लग्न झालेला, अंगानं बापाइतकाच दणकट, पण बापासमोर आवाज न निघणारा. नानांची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी वारली होती. ती सुटली, असं बायका विहिरीवर म्हणत. माझाही तसाच अंदाज आहे.

नाना मागच्या लढाईत घोडदळाच्या रिसाल्याबरोबर परदेशी जाऊन आले होते. उंच, पुढे झुकलेले, मिशा कातरलेल्या. बोलणं तोंडानं सुरू करायचे आणि हातानं संपवायचे. चाक चिखलात रुतलं तर चाकाला लाथ घालत, मोतद्दार उशिरा आला तर त्याला, आणि स्वतःचं काही चुकलं तर स्वतःच्याच थोबाडीत मारून घेत. घोड्यांना मारत नसत असं मी म्हणणार नाही, लोक हल्ली त्यांच्याबद्दल तसं सांगतात. मारत. मैना नावाची एक करडी घोडी होती, चावरी. तिनं एकदा नानांचा खांदा धरला. नानांनी सोडवून घेण्याऐवजी तिचा कान दातांत धरला आणि ती सोडेपर्यंत सोडला नाही. दोघंही रक्तानं माखून माझ्याकडे आली. खांद्याला मी टाके घातले. घोडीच्या कानाचं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं, तर नानांनी माझ्या हातातली आयोडीनची बाटली हिसकली आणि स्वतःच ओतली.

असल्या माणसाचा सगळा मान एका गोष्टीवर उभा होता. थंडीच्या दिवसांत घोडी कधी बाहेर काढायची, किती वेळ आत ठेवायची, हे ठरवायचं नानांनी. नदीवरून जे वारं येतं ते ज्यानं अंगावर घेतलंय त्यालाच कळेल. घामेजलेलं घोडं त्या वाऱ्यात उभं राहिलं की छाती धरते आणि चार दिवसांत संपतं. उलट फार दिवस आत कोंडलं तर पाय सुजतात, मुताच्या वाफेनं डोळे गळतात, दाण्याची चंदी तशीच खात राहिलं तर पुढे जुंपल्यावर अंग आखडून वाटेतच बसतं. म्हणजे लवकर सोडलं तरी मरण, उशिरा सोडलं तरी मरण. नाना थंडी लागली की नदीकडच्या खिडक्यांना बारदानं ठोकत, पण वरच्या फटी मुद्दाम उघड्या ठेवत. म्हणत, "घोड्याला थंडी मारत न्हाई, वारं मारतं. आन् हवा कोंडली तर वाऱ्याच्या आधी आपुन मारतो." रिकामं उभं राहिलेल्या घोड्याची चंदी ते त्याच दिवशी अर्धी करत आणि कुणी दया येऊन मूठभर हरभरा जास्त घातला तर त्याची धडगत नसे.

दिवस उजाडला की तबेल्यासमोर माणसं जमत. कुणाची ट्रंक, कुणाचं गाठोडं, कुणाच्या कडेवर पोर. दारात एक आडवा वासा होता. नाना तो उचलून आत जात, एकेका घोड्याच्या कानात हात घालत, पार मुळापर्यंत, आणि डोळे मिटून उभे राहत. कानाचं मूळ ऊबदार लागलं तर घोडं वारं सोसतं, थंड लागलं तर सोसत नाही. सगळी माणसं त्या वेळी गप्प असत. मग नाना बाहेर येऊन एकच शब्द बोलत. "सोडा," म्हटलं की जुंपाजुंपी सुरू. "थंड," म्हटलं की वासा परत लागायचा आणि माणसांनी ऊन वर येईपर्यंत बसायचं, नाहीतर घरी जायचं. गाडी चुकली तर चुकली.

संगमनेरचा एक कापडवाला कुणाच्या तरी लग्नाला निघाला होता. त्यानं ऐकलं नाही. "घोडं म्हणजे काय तान्हं बाळ आहे का," म्हणत त्यानं स्वतःच वाशाला हात घातला. नानांनी आधी त्याची ट्रंक उकिरड्यात टाकली, मग ट्रंकेवर त्याला टाकलं. तो फेटा हातात घेऊन माझ्याकडे आला, कोपर निखळलेलं, आणि पोलिसात जातो, पोलिसात जातो म्हणत राहिला. मी कोपर बसवलं आणि वाट पाहिली. शेवटी तो हळूच म्हणाला, "पण मग स्टेशनावर कशानं जायचं?" संध्याकाळच्या गाडीला तो नानांच्याच टांग्यानं गेला.

किसनची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. मी यायच्या आधल्याच वर्षी, नाना नदीवर गेलेले असताना, त्यानं एका घोड्याच्या कानात हात घालून पाहिला होता. तेवढंच. नानांनी ते पाहिलं. त्यांनी त्याचा तो हात दाराच्या चौकटीत धरला आणि दार ओढलं. तीन बोटं मोडली. हाड बसवणारा वैद्य होता, त्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, पण बोटं वाकडीच जुळली. मी किसनला विचारलं होतं, "तू हे सोसलंस कसं?" तो म्हणाला, "नानांच्या हाताला कळतं. माझ्या न्हाई कळत." मला त्या दिवशी बापाचा नाही, मुलाचाच राग आला. अजूनही येतो.

मग एका पावसाळ्यात मैनेनं नानांचा उजवा हात फाडला. अंगठ्याखालचं मांस लोंबत होतं. मी टाके घालायला बसलो. सुई आत जाताना भले भले दात चावतात. नाना मात्र खिडकीतून रस्त्याकडे बघत मोतद्दाराला शिव्या देत होते. धीराचं माणूस म्हणून मी आधी मनात वाहवा केली. तिसऱ्या टाक्याला मला संशय आला. त्यांचं लक्ष नाही असं पाहून मी करंगळीच्या बाजूला सुईचं टोक टोचलं. मग मनगटाच्या वर एक फिकट चट्टा होता, तिथे टोचलं. नाना शिव्याच देत होते. तळहाताला गरम पाण्याची बाटली लावली आणि डोळे बंद करायला सांगून विचारलं, "नाना, गरम आहे की गार?"

त्यांनी बाटलीवर बोटं आवळून पाहिली. मग म्हणाले, "गार."

मी खरं काय ते सांगितलं. महारोग म्हटलं, रगतपिती हा गावातला शब्द मुद्दामच वापरला नाही. लगेच त्या रोगाच्या दवाखान्यात जाऊन उपचार घेतले तर वाढ थांबते, असंही सांगितलं. त्यांनी डाव्या हातानं माझा गळा धरला आणि मला औषधांच्या कपाटावर दाबलं. मागच्या बाटल्या खाली पडून फुटल्या. "गावात बोललास तर जित्ता ठेवणार न्हाई," ते म्हणाले. मी बोलणार नव्हतोच, ते माझं कामच नव्हे, पण गळा सुटल्यावर मी म्हटलं, "मी नाही बोलणार. पण कान बघायचं काम किसनला द्या. तुमच्या हाताला आता कळत नाही." त्यावर त्यांनी जे मारलं त्यानं माझा एक दात हलला.

डॉक्टरांनीही पाहिलं आणि लांबच्या एका महारोग्यांच्या दवाखान्यात जायला सांगितलं. नाना म्हणाले, येती थंडी सरू द्या, मग जातो. दुपारच्या वेळी, कुणी नसताना, मागच्या दारानं येऊन त्या काळी महारोगावर देत ती चालमोगऱ्याच्या तेलाची सुई टोचून घेत. हाताला कायम फडकं गुंडाळलेलं. विचारलं तर घोडी चावली म्हणत, आणि विचारणारा पुन्हा विचारत नसे.

त्या हिवाळ्यात रुस्तम मेला. दणकट तांबडा घोडा, नानांचा सगळ्यांत लाडका. नानांनी कानात हात घातला, डोळे मिटले आणि "सोडा," म्हणाले. किसननं त्याला स्टेशनावर नेला, परत आला तो थरथरत. नाकातून पाणी, कुशी भात्यासारखी हलणारी. नानांनी मोहरीच्या तेलात कापूर घालून छाती चोळली, झुली घातल्या, शेजारी चूल पेटवली. काही उपयोग झाला नाही. घोडा पडला तेव्हा नाना किसनवर तुटून पडले. भरधाव हाकलास, घाम सुकवला नाहीस, असं म्हणत त्याला चाबकाच्या दांड्यानं मारत होते. किसननं हात वर केला नाही. मी मध्ये पडलो तर मलाही बसला. मग नानांनी दांडा फेकला आणि गव्हाणीच्या दगडावर स्वतःचं कपाळ आपटायला लागले. तिघांनी धरून आवरलं. तबेल्यात त्या दिवशी खरं काय झालं ते दोघांनाच माहीत होतं, त्यांना आणि मला. कपाळ धुताना मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "बगू नको माझ्याकडं."

थंडी सरली, पण नाना त्या लांबच्या दवाखान्यात गेले नाहीत. उन्हाळा गेला, पाऊस गेला, आणि पुढची थंडी आली. आता त्यांनी दुसरं टोक गाठलं. कानात हात घालायचा आणि "थंड," म्हणायचं. ऊन पडलं तरी थंड. माणसं कुरकुरायला लागली. नाना पूर्वी मारायचे ते रागानं, आता कुणी काही विचारायच्या आत मारत. माझ्याकडे तबेल्यात पडलेली माणसं रोज यायला लागली. मला त्यांची कीव येत होती आणि संतापही येत होता. एक माणूस आपला हात झाकायला अख्ख्या गावाची डोकी फोडत होता.

पौषात गारठा वाढला. आभाळ भरलेलं, वारं सुटलेलं. घोडी कितीतरी दिवस आतच. मी एकदा आत डोकावलो तर मुताच्या वासानं डोळ्यांत पाणी आलं. मैनेचे मागचे पाय गुडघ्याखाली भरले होते. अंगणात दगडू लोहार भाता लावून बसला होता. टांगे रिकामेच होते म्हणून चाकांच्या लोखंडी धावा बदलून घ्यायचं काम चाललं होतं. त्या दिवशी सकाळी आभाळ उघडलं आणि ऊन आलं, तशी तबेल्यासमोर ही गर्दी झाली. मी एका म्हातारीला औषध द्यायला आलो होतो, तिलाही स्टेशनावर जायचं होतं.

नाना आत गेले, मैनेच्या कानात हात घातला, बाहेर आले आणि म्हणाले, "थंड."

किसन पुढे आला. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा मोठा ऐकला. "नाना, काल बी थंड, परवा बी थंड. पाय भरलेत घोड्यांचे. आत ठिवून मारनार हायसा का?"

"मागं हो."

"न्हाई व्हनार." किसननं वाशाला हात घातला.

नानांनी चाबूक ओढला. पहिला फटका त्याच्या मानेवर बसला, दुसरा किसननं हवेतच धरला आणि हिसडा दिला. नाना तोंडावर पडले. गर्दीतून कुणी हसलं नाही. नाना उठले, तोंडातून रक्त, आणि भात्याकडे धावले. दगडूनं नुकताच विस्तवातून काढलेला एक गज दगडावर ठेवला होता. लाली उतरून तो काळा पडला होता. नानांनी तो मधोमध धरला.

"नाना, टाका त्यो, तापल्याला हाय," दगडू ओरडला.

नानांनी गज किसनच्या खांद्यावर घातला. सदरा जळाला, किसन कळवळून वाशावर कोसळला. नानांनी गज पुन्हा वर उचलला. तेव्हा वास आला. आधी वाटलं किसनच्या खांद्याचा. मग सगळ्यांना दिसलं, नानांच्या मुठीतून धूर निघत होता. फडकं जळून गेलं होतं आणि खालचं कातडं आवळत चाललं होतं. नानांच्या चेहऱ्यावर मात्र मुलाचा राग सोडून दुसरं काहीच नव्हतं. हाताचं त्यांना काही कळतच नव्हतं.

मी धावलो आणि दगडूची पाण्याची बादली त्यांच्या हातावर रिकामी केली. गज खाली पडला, त्याला तळहाताचं कातडं चिकटलेलं. नानांनी हाताकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाचा असावा तसं. गर्दीतला एक म्हातारा हळू आवाजात म्हणाला, "रगतपिती." माणसं मागे सरकली. ट्रंका, गाठोडी जागच्या जागी राहिली.

किसन वाशाला धरून उभा होता. कुणीतरी लांबून म्हणालं, "खोल किसन, आता तुझंच राज्य." किसन बापाकडे बघत होता. त्याला सगळं एकदम कळत असावं, रुस्तम, चाबकाचा दांडा, सगळं. नाना जमिनीवर बसले.

"हात घाल," ते म्हणाले.

किसनला समजलं नाही.

"मैनीच्या कानात. पार मुळापतुर. तू घाल."

किसन आत गेला. त्याची ती वाकडी बोटं मैनेच्या कानात गेली. घोडी चावरी, पण उभी राहिली. त्याला फार वेळ लागला. मग तो पुढच्या घोड्याकडे गेला, मग त्याच्या पुढच्या. आम्ही सगळे उन्हात उभे होतो आणि ऊन असूनही वारं अंगाला झोंबत होतं. किसन बाहेर आला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"थंड हाय," तो म्हणाला, आणि त्यानं वासा परत लावला.

नाना त्या दिवशी बरोबर होते. ते त्यांना कसं कळलं, की कळलंच नव्हतं आणि योगायोगानं जुळलं, हे मला सांगता येणार नाही. मी त्यांना विचारलंही नाही. हाताला मलम लावून पट्टी बांधली, किसनच्या खांद्याला बांधली. बाप आणि मुलगा एकाच बाकावर बसले होते. संध्याकाळी गावातली चार मोठी माणसं आली, दवाखान्यापासून लांब उभी राहिली. "नाना, गावात नको आता," त्यातल्या एकानं सांगितलं. आदल्या दिवसापर्यंत ह्याच माणसांना नानांसमोर मान वर करायची हिंमत नव्हती. नानांनी फक्त मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. आभाळ पुन्हा भरलं होतं, वारं कालच्यापेक्षा जास्त. खांद्यावर घोंगडी, हातात काठीही नाही. मी दवाखान्याच्या पायरीवर उभा होतो. किसननं मैनेला टांग्याला जुंपून बाहेर आणलं होतं. स्टेशनापर्यंत बापाला पोचवायचंच, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. नाना टांग्याजवळ थांबले.

"कान पाह्यलंस?"

"पाह्यलं."

"मग?"

किसन मैनेचा पट्टा आवळायला लागला.

"कान थंड हायेत आन् घोडी भाईर काढतोस? बापासाठी?" नानांनी तिच्या भरलेल्या पायांकडे पाहिलं. "आत ने तिला."

"बसा नाना. हळू नेतो. झूल घालतो तिला."

नाना चालायला लागले. किसन लगाम धरून मागे निघाला, टांगा हळूहळू चालवत, बापाच्या मागे. मला वाटलं नाना थकतील आणि बसतील. सगळ्या गावाला तसंच वाटलं असणार, दारादारांतून माणसं बघत होती. रस्ता नदीकडे वळतो तिथे नाना वाकले आणि त्यांनी डाव्या हातानं दगड उचलला. तो टांग्याच्या दांडीवर बसला. किसन थांबला नाही. दुसरा दगड किसनच्या छातीवर बसला, जळलेल्या खांद्याच्या जरा खाली, आणि तो वाकला. मैना बुजून मागे सरली. नानांनी तिसरा दगड उचलला आणि हात वर धरून उभे राहिले.

किसननं घोडी वळवली. तो तबेल्याकडे परत जाईपर्यंत नाना तसेच उभे होते, दगड उगारून, वाऱ्यात. टांगा अंगणात गेला, मैना सुटली, आत गेली. वासा लागल्याचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू आला, तेव्हा नानांनी दगड खाली टाकला आणि पायीच स्टेशनाच्या वाटेला लागले.